वाळूतले दोन खड्डे

मुलामुलींनो,

मागच्या आठवड्यात आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. नाव सांगत नाही, कारण तिनंच तसं बजावलंय. तिचे बाबा उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले. ती लिहिते, "सगळे म्हणतात, देवाची इच्छा. मग मला असल्या देवाशी बोलायचंच नाही. ताई, तुम्ही तरी खरं सांगा, असं का झालं?"

बाळा, खरं सांगते. का झालं ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंगही मी आणणार नाही. त्याऐवजी तुला एका मुलीची हकिकत सांगते.

तिचं नाव रमा डोंगरे. जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री मोठे संस्कृत पंडित. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगायचं. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते संपलं. वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. आईला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोघं जण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. पण रमाची उंची कमी, खांदा पुरेना. मग आईचा भार तिनं डोक्यावर घेतला.

दोघं भावंडं चालत चालत थेट पंजाबापर्यंत गेली. झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी आणि अंगावर पांघरूण नाही. दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यात शिरून गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली!

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी याच रमाला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये नवराही. कडेवर छोटी मनोरमा, आणि रमाबाईंचं वय अवघं तेवीस.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे ख्रिस्ती सिस्टर्सनी चालवलेला एक आश्रम त्यांनी पाहिला. समाजानं टाकलेल्या बायका तिथे होत्या, पण त्यांना कुणी हिणवत नव्हतं. रमाबाईंना नवल वाटलं. असं का, म्हणून त्यांनी विचारलं. तेव्हा एका सिस्टरनं त्यांना येशूची आणि विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात पुष्कळांना ते रुचलं नाही, वादही झाले.

ख्रिस्ती लोक ज्याला 'तारण' म्हणतात, ते काय असतं? घरातला दागिना गहाण पडला, तर पैसे भरून तो सोडवून आणावा लागतो ना? तसंच माणूसही पापात आणि दुःखात अडकून पडतो, आणि येशूनं स्वतःचा जीव देऊन त्याला सोडवून आणलं, अशी त्यांची श्रद्धा आहे. सोडवायचा कोणाला? जो आपला वाटतो, मोलाचा वाटतो, त्यालाच.

रमाबाईंनी हे नुसतं मानलं नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत 'शारदा सदन' काढलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढच्या आनंदीबाई कर्वे. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. मुली उपाशी भटकताहेत हे ऐकलं आणि रमाबाईंना स्वतःचे दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांच्यासाठी घर उभं राहिलं. त्याचं नाव 'मुक्ती'. तिथे मुली लिहायला शिकल्या, विणायला शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. अंध मुलींनाही बोटांनी वाचता येऊ लागलं.

वाळूतली ती रात्र चांगली होती, असं मी म्हणणार नाही. भूक वाईटच. पण ती रात्र वाया गेली नाही, रमाबाईंनी ती सोडवून आणली. वाळूत निजलेली ती मुलगी शेकडो जणींचं पांघरूण झाली.

श्रद्धा होती म्हणून पुढे त्यांच्या वाट्याला दुःख आलंच नाही, असंही नाही. १९२१ मध्ये मनोरमा गेली. म्हाताऱ्या आईनं डोळे पुसले आणि हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आता तुझं पत्र. देवावर रागावलीस? मग त्याला तसं सांग. बायबलमधली कितीतरी स्तोत्रं म्हणजे देवाशी केलेलं भांडणच आहे. वधस्तंभावर येशूनंसुद्धा देवाला 'का' असंच विचारलं होतं. तेव्हा तुझ्या 'का'ची लाज वाटून घेऊ नकोस. पोटभर रड. आणि हो, आईजवळ बसून रड. तीही एकटीच रडत असेल.

पालकांनो, अशा वेळी मुलांना घाईघाईनं उत्तरं देऊ नका. नुसतं जवळ बसा.

आणि मैत्रिणी, कधीतरी तुझ्या वर्गात एखादी मुलगी डबा न उघडता गप्प बसलेली दिसेल. तिच्या शेजारी जाऊन कसं बसायचं, हे वर्गात सगळ्यांत आधी तुला कळेल. त्या दिवशी मला पुन्हा पत्र लिही. मी वाट बघतेय.

तुमची,
ताई