दाराशी जाऊन हाक मारा

नागपुरात रामदासपेठेतील माझ्या घरासमोर, कडुनिंबाच्या पारावर, रोज सायंकाळी चार मुले येऊन बसत. खांद्याला खांदा लागलेला असे. परंतु प्रत्येकाची दृष्टी आपापल्या मोबाइलवरील खेळात खिळलेली. जवळ असूनही ती एकटीच होती.

एके दिवशी त्यांतील एक मुलगा आला नाही. खेळात तो हरला, तेव्हा इतरांनी मोबाइलवरच त्याची अशी निर्भर्त्सना केली की, त्याने घराबाहेर पडणे सोडले. “आम्ही केवळ गंमत केली,” असे ते तिघे मला म्हणाले. मुलांनो, तो समोर असता, तर त्याचे भरलेले डोळे पाहून त्यांची जीभ अडखळली असती. यंत्राच्या आडून बोलणाऱ्यास ते डोळे दिसत नाहीत.

खेळ वाईट नव्हे. त्याचा अतिरेक वाईट. पण सारे मित्र खेळत असता एकट्यानेच तो सोडणे कठीण. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने हे ओळखले. २०२२ साली तेथे नियम झाला : सायंकाळी सात वाजता भोंगा वाजताच दीड तास मोबाइल व दूरचित्रवाणी बंद. तो वडीलधाऱ्यांसही लागू होता, हे विशेष. माझ्या मते, असा संयम सर्वांनी मिळूनच पाळावयास हवा.

कोणी छळ केल्यास मनात कुढू नका. आईवडिलांना, गुरुजनांना सांगा. १०९८ या क्रमांकावरही मुलांना साहाय्य मिळते. आणि चूक आपली असेल, तर क्षमा मोबाइलवरून मागू नका. मित्राच्या दाराशी जाऊन त्याला हाक मारा.