कलम सहा आणि कलम एक

३० जुलै १७८८. नॉर्थ कॅरोलिनातल्या हिल्सबरो गावी नव्या अमेरिकन संविधानाला संमती द्यायची की नाही यावर परिषद भरली होती. त्या दिवशी चर्चा कलम सहावर आली. संघराज्याच्या कोणत्याही पदासाठी धार्मिक कसोटी कधीही लावली जाणार नाही, असे हे कलम सांगते. हेन्री ॲबट नावाचे बाप्टिस्ट धर्मोपदेशक उठले आणि लोकांच्या मनातली भीती त्यांनी सभेपुढे ठेवली. अशी कसोटी नसेल तर मूर्तिपूजक, डीइस्ट आणि मुसलमानसुद्धा अधिकारपदावर येतील, त्याचे काय?

या प्रश्नाला उत्तर दिले जेम्स आयरडेल या छत्तीस वर्षांच्या वकिलाने. (पुढे ते अमेरिकेच्या पहिल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.) कोणत्याही एका गटाला वगळायचे म्हटले, तर ज्या धर्मस्वातंत्र्यासाठी आपण इतके भांडतो त्याच तत्त्वावर घाव पडतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मात्र त्याच भाषणात, लोक असा माणूस निवडतील हे फारसे संभवत नाही, अशी समजूतही त्यांनी घातली. आज वाचताना हे दिलासे थोडे खटकतात. तरी मुद्दा पक्का होता: समोर एकही मुसलमान उमेदवार नसताना त्याच्यासाठी दार उघडे ठेवायचे. आम्ही प्रोग्रामर याला एज केस म्हणतो. नेहमीच्या वापरात जो येत नाही, पण आला तर व्यवस्था खरी की खोटी ते कळते.

हा विचार एका दिवसात आला नव्हता. १७७६ मध्ये व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा लिहिला जात होता. जॉर्ज मेसन यांच्या मसुद्यात धर्माच्या बाबतीत पुरेपूर ‘सहिष्णुता’ देण्याची भाषा होती. पंचवीस वर्षांच्या जेम्स मॅडिसनला हा शब्द पुरेसा वाटला नाही. सहन करणारा वर असतो आणि ज्याला सहन केले जाते तो खाली. त्याच्या आग्रहामुळे सर्वांना धर्माचरणाचा समान हक्क आहे असा मजकूर आला. दहा वर्षांनी, १७८६ मध्ये, जेफर्सनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मॅडिसनने व्हर्जिनियाच्या विधानसभेत मंजूर करून घेतला. त्याच्या छत्राखाली ख्रिश्चन आणि यहुद्यांबरोबर मुसलमान आणि हिंदूही येतात, असे जेफर्सनने पुढे आत्मवृत्तात स्पष्ट लिहून ठेवले. कायद्याचा विद्यार्थी असताना १७६५ मध्ये त्याने कुराणाचा इंग्रजी अनुवाद विकत घेतला होता. २००७ मध्ये कीथ एलिसन हे काँग्रेसवर निवडून आलेले पहिले मुस्लिम सदस्य शपथ घ्यायला उभे राहिले, तेव्हा हीच प्रत त्यांच्या हाताखाली होती.

आपल्या सभांमध्ये या शपथेचा फोटो आवडीने दाखवला जातो. मीही दाखवला आहे. पण कलम सहाचे कौतुक करून उठणे मला आता जमत नाही, कारण त्याच दस्तऐवजात कलम एक आहे. त्याच्या नवव्या विभागाने १८०८ सालापर्यंत गुलामांची आयात बंद करण्याचा अधिकार काँग्रेसला नाकारला होता. ‘गुलाम’ हा शब्द मात्र मूळ संविधानात कुठेच नाही. तिथे ‘अशा व्यक्ती’ आहेत, ‘इतर व्यक्ती’ आहेत. लिहिणाऱ्यांना लाज होती, पण ती शब्द टाळण्यापुरतीच.

१८०७ मध्ये, ही मुदत संपत आलेली असताना, पश्चिम आफ्रिकेतल्या फुटा टोरोचा एक माणूस साखळदंडात चार्ल्सटन बंदरात उतरला. त्याचे नाव ओमर इब्न सईद. तो पंचवीस वर्षे इल्म शिकलेला होता. क्रूर मालकाकडून पळून तो नॉर्थ कॅरोलिनातल्या फेएटव्हिलला पोहोचला आणि पकडला गेला. तिथल्या तुरुंगाच्या भिंतींवर त्याने अरबीत लिहिले. हेच ते फेएटव्हिल, जिथे १७८९ च्या नोव्हेंबरात नॉर्थ कॅरोलिनाने अखेर संविधानाला संमती दिली. (हिल्सबरोत ती दिली नव्हती. हक्कांची सनद आधी हवी, असा तिथल्या बहुसंख्यांचा हट्ट होता. हा हट्ट योग्यच होता.)

म्हणजे जो मुसलमान कुठे नव्हता त्याच्या राष्ट्राध्यक्ष होण्याच्या हक्कावर सभागृह तावातावाने बोलले, आणि जे मुसलमान शेतांवर राबत होते त्यांची गणना माणशी तीन पंचमांश अशी झाली. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकनांत मुसलमान होते हे अमेरिकेत माहीत असलेले सत्य होते. पण हिल्सबरोत बोलणाऱ्यांनी ‘मुसलमान’ म्हणताना त्यांचा विचार केल्याचे दिसत नाही.

राज्यांचे म्हणाल, तर कलम सहा त्यांना लागूच होत नाही असे दीर्घकाळ मानले गेले. नॉर्थ कॅरोलिनाच्या १७७६ च्या स्वतःच्या संविधानात प्रोटेस्टंट धर्माचे सत्य नाकारणाऱ्याला पद मिळत नसे. मेरीलँडमध्ये तर नोटरी होण्यासाठीही ईश्वर मानल्याचे जाहीर करावे लागे. १९६१ मध्ये टॉर्कासो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, आणि तो लढा जिंकला एका नास्तिकाने. आपल्यातल्या ज्या मित्रांना धर्मस्वातंत्र्य हवे पण धर्म न मानण्याचे स्वातंत्र्य नको असते, त्यांनी हा खटला जरूर वाचावा. मुसलमानाचे दार आणि नास्तिकाचे दार एकाच चौकटीत बसवलेले आहे. आयरडेल यांनी धर्म न मानणारे आणि मुसलमान या दोघांची नावे एका दमात घेतली होती, ती उगाच नाही.

ओमरने १८३१ मध्ये आपले आयुष्य अरबीत लिहून काढले. सुरुवात सूरह अल-मुल्कने आहे. मुल्क म्हणजे सत्ता, राज्य. ती कोणाच्या हातात आहे हे सांगून ही सूरह सुरू होते, आणि ते लिहिणाऱ्या माणसावर कागदोपत्री दुसऱ्याची मालकी होती. गुलामगिरी संपवणारी तेरावी दुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये लागू झाली. तोवर ओमर वारला होता, गुलाम म्हणूनच. त्याचे हस्तलिखित २०१७ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. जेफर्सनचे कुराणही त्याच ग्रंथालयात आहे.