खोलीतलं बोलणं खोलीतच राहू द्या

समुपदेशक मित्रमैत्रिणींनो, क्लायंटचं नाव गाळायचं, त्याची कहाणी एआयला द्यायची आणि ‘नोट्स नीट करून दे’ म्हणायचं, ही सवय आपल्या व्यवसायात चोरपावलांनी शिरली आहे. ती रुळण्याआधी मोडायला हवी. तंत्रज्ञानाच्या धास्तीने मी हे म्हणत नाही. ओळीने सेशन्स घेतल्यावर रात्री नोट्स लिहायला बसणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. क्लायंट बोलतो मराठीत, मधूनच हिंदीत, रडू आलं की थेट गावच्या बोलीत. आणि अहवाल मात्र बहुतेक वेळा इंग्रजीत लागतो. फोनवर सेशन रेकॉर्ड करा, चुटकीसरशी टापटीप गोषवारा घ्या, असं कुणी म्हटलं तर मोह होणारच. पण हा वेळ आपण ज्याच्या बदल्यात वाचवतो, ते आपल्या मालकीचं नाही.

‘मी नाव कधीच टाकत नाही,’ हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानेही असंच केलं होतं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी त्यांनी नावं-पत्ते काढून संशोधनासाठी दिल्या. 1997 च्या सुमारास लतान्या स्वीनी या तरुण संशोधिकेने त्या नोंदी मतदारयादीशी पडताळून पाहिल्या. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर तिने खुद्द राज्याच्या गव्हर्नरच्या नोंदी शोधून काढल्या. आता आपल्याकडचं एक काल्पनिक उदाहरण घ्या. सांगलीजवळच्या साखर कारखान्यात हिशेबनीस, वय बावन्न, बायको तालुक्याच्या शाळेत मुख्याध्यापिका, धाकटी मुलगी आंतरजातीय लग्न करून गेली, तेव्हापासून झोप नाही. यात नाव कुठेच नाही. पण त्या पंचक्रोशीत असं घर एकच असणार, आणि चहाच्या टपरीवरचा कुणीही ते ओळखेल. कारण माणूस आपल्याकडे येतो तो तपशील घेऊनच. तपशील काढून टाकले तर एआयला विचारण्यासारखं काही उरत नाही, आणि ठेवले तर माणूस उघडा पडतो.

शिवाय त्या नोटेत एकटा क्लायंट नसतो. त्याची सासू असते, दारू पिणारा भाऊ असतो, त्रास देणारा साहेब असतो. समजा, क्लायंटने संमतीपत्रावर सही केली. या बाकीच्यांची सही कुणी घेतली?

फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार केंद्रांच्या साखळीचं काय झालं, ते या व्यवसायातल्या प्रत्येकाने वाचायला हवं. 2018 मध्ये तिथल्या नोंदींपर्यंत एक घुसखोर पोचला. 2020 मध्ये त्याने आधी कंपनीकडे खंडणी मागितली, आणि ती मिळेना तेव्हा ऑक्टोबरात थेट रुग्णांना ईमेल पाठवले: दोनशे युरो भरा, नाहीतर तुमच्या सेशनच्या नोट्स जाहीर करतो. सुमारे 33 हजार माणसांच्या नोंदी त्याच्या हाती होत्या. कंपनी दिवाळखोरीत गेली, गुन्हेगाराला 2024 मध्ये शिक्षा झाली, पण इंटरनेटवर पसरलेलं परत गोळा करता आलं नाही. यात एआयचा काही संबंध नव्हता, हे मान्य. तेव्हा नोंदी निदान एकाच कंपनीच्या कपाटात होत्या. आज आपण त्या स्वतःच्या हाताने, फुकटच्या खात्यातून, कुठल्या देशात कुणाच्या यंत्रावर ठेवतो आहोत याचा पत्ताच नाही. फुकटच्या आवृत्त्यांत लिहिलेला मजकूर पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो, ते बंद करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये शोधावा लागतो, आणि आपल्यापैकी किती जणांनी तो शोधला हे विचारायला मला संकोच वाटतो.

‘मी चॅट लगेच डिलीट करते,’ असंही ऐकू येतं. 2025 मध्ये कॉपीराइटच्या एका खटल्यात अमेरिकी न्यायालयाने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला वापरकर्त्यांनी पुसलेली संभाषणंसुद्धा जपून ठेवण्याचा आदेश दिला होता. तो काही महिन्यांनी उठला, पण डिलीटचं बटण कुणाच्या मर्जीवर चालतं हे त्यातून कळलं. चॅटजीपीटीवरच्या बोलण्याला थेरपिस्टशी झालेल्या बोलण्यासारखं कायदेशीर संरक्षण नाही, हे त्याच वर्षी कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच जाहीरपणे सांगितलं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 23 ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला, आणि कलम 24 ने तो डिजिटल नोंदींनाही लागू केला. पण ही भाषा मानसिक आजाराची आहे. नवरा-बायकोतला अबोला, बारावीच्या परीक्षेची धास्ती, समलिंगी असल्याचं घरी कसं सांगू हा प्रश्न, असं घेऊन येणारी माणसं त्या व्याख्येत बसतीलच असं नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड 250 कोटींपर्यंत आहे, पण मनाच्या आजाराची माहिती आणि किराणा दुकानात दिलेला मोबाइल नंबर यांच्यात तो वेगळी प्रतवारी करत नाही. वकिलाकडे बोललेलं उघड न करण्याचं जे संरक्षण आपल्या पुरावा कायद्यात आहे, ते समुपदेशकाकडे बोललेल्याला नाही. थोडक्यात, कायद्याचं छत गळकं आहे. अशा ठिकाणी व्यवसायाची शिस्त हाच आडोसा, आणि तोच आपण मोडायला निघालो आहोत.

एक गोष्ट मात्र एआयच्या माथी मारता येणार नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘इंटरेस्टिंग केस’ टाकायची खोड आपल्याला त्याआधीपासून आहे. आणि खरी गळती हॅकरकडून होण्यापेक्षा घरातूनच व्हायची शक्यता जास्त. फोनवरचं एआयचं खातं घरच्या लॅपटॉपवरही उघडं असतं. मुलगा प्रोजेक्ट करायला बसतो आणि डाव्या बाजूच्या यादीत शीर्षक दिसतं: ‘विवाहबाह्य संबंध, क्लायंट, सेशन चार’. गाव लहान असेल तर त्या मुलाच्या वर्गात क्लायंटचीच मुलगी असू शकते.

मग एआयला हातच लावायचा नाही का? तसं मी म्हणणार नाही. वर्कशॉपची जाहिरात लिहा, संशोधनलेखाचा सारांश काढा, पालकांसाठी झोपेबद्दलचं पत्रक मराठीत करून घ्या. बोललेलं लिहून देणारी साधनं आता इंटरनेट बंद ठेवून स्वतःच्या संगणकावरही चालतात. मराठीत ती अडखळतात, पण निदान आवाज खोलीबाहेर जात नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने 2025 मध्ये कायदा करून थेरपी देण्याचं काम एआयकडे सोपवण्याला बंदी घातली. सेशन रेकॉर्ड करून एआयची मदत घ्यायची असेल, तर तिथे क्लायंटची लेखी संमती लागते. आपण सरकारची वाट कशाला पाहायची? ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था, पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, मानसोपचारतज्ज्ञांच्या आणि मानसशास्त्रज्ञांच्या संघटना यांनी एकत्र बसून मराठीत एक पानी संहिता लिहावी, तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने काम करणाऱ्या समुपदेशकालाही ती भिंतीवर लावता यावी. एआय वापरायचं असेल तर त्यासाठी वेगळं संमतीपत्र हवं, समजेल अशा भाषेतलं, आणि नकार दिला तरी सेवा तीच मिळेल असं त्यात छापलेलं. विद्यापीठांतल्या समुपदेशनाच्या विभागांनी याच सत्रापासून नियम करावा, कारण व्हर्बॅटिम, म्हणजे सेशनमधला शब्दन् शब्द, लिहायच्या वेळी रेकॉर्डिंग कुठल्या तरी ॲपला देण्याचा मोह विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त होतो आणि त्यांना अडवणारं कुणी नसतं.

आणि वाचकांनो, तुम्ही समुपदेशकाकडे जात असाल तर पहिल्याच भेटीत विचारा: माझं बोलणं कुठे लिहिता, रेकॉर्ड करता का, कुठलं ॲप वापरता? अवघडू नका. या प्रश्नाने चिडणारा समुपदेशक बदललेलाच बरा.

आम्हा समुपदेशकांचं काम मात्र आज रात्रीच सुरू होऊ शकतं. खातं उघडा, जुनी संभाषणं चाळा, क्लायंटचं जे जे दिसेल ते पुसा, प्रशिक्षणासाठी मजकूर देण्याची परवानगी बंद करा, घरच्या लॅपटॉपवरून लॉगआउट करा. आणि ज्यांची माहिती आपण आधीच बाहेर दिली आहे, त्यांना पुढच्या सेशनला ते सांगा.