मिशनरी गेल्यानंतरची मंडळी

ख्रिस्ती मिशनकार्याविरुद्ध जो पूर्वपक्ष नेहमी मांडला जातो, त्याचे सार असे की हे कार्य परकीय सत्तेच्या छायेत आणि परकीय पैशावर वाढले, उपाशी माणसाला अन्नाचे आमिष दाखवून त्याने अनुयायी मिळवले, आणि म्हणून ती छाया व तो पैसा काढून घेतला की मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा स्थानिक ख्रिस्ती समुदाय, आपोआप विरून जाईल. या पूर्वपक्षात सत्याचा अंश आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. अफूच्या युद्धांत नमवलेल्या चीनवर १८५८ मध्ये जे तह लादले गेले, त्यांतच धर्मप्रसाराच्या मुभेची कलमे होती. तोफांच्या धाकाने मिळालेली ही मुभा बहुतेक मिशनऱ्यांनी विनासंकोच वापरली आणि तिच्यामुळे उपजलेल्या द्वेषाची किंमत पुढे चिनी ख्रिस्ती लोकांनाच मोजावी लागली. मात्र या वस्तुस्थितीवरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. कारण आश्रय काढून घेतल्यावर काय होते, याची परीक्षा इतिहासाने एकाहून अधिक देशांत घेतलेली आहे.

त्यांपैकी मादागास्करचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक १८१८ मध्ये त्या बेटावर उतरले. राजा पहिला रादामा याला त्यांच्या धर्मापेक्षा त्यांच्या शाळा आणि कारागिरी हवी होती. धर्मोपदेशकांनी मात्र तेथील मलागासी भाषेला रोमन लिपीत स्थिर रूप दिले आणि तिच्यात १८३० मध्ये नवा करार व १८३५ मध्ये संपूर्ण बायबल छापून काढले. त्याच १८३५ मध्ये रादामाच्या मागून गादीवर आलेल्या राणी पहिल्या रानावालोना हिने प्रजाजनांना ख्रिस्ती धर्म पाळण्यास बंदी केली आणि पुढच्या वर्षी शेवटचे मिशनरीही बेट सोडून गेले. त्यानंतर पाव शतकभर ख्रिस्ती म्हणवून घेण्याने लाभ कोणताच नव्हता. त्याचे फळ दंड, गुलामगिरी किंवा मृत्यू हेच होते. रासालामा नावाच्या स्त्रीला १८३७ मध्ये भाल्यांनी भोसकून मारण्यात आले, तर १८४९ मध्ये राजधानी अंतानानारिव्हो येथे चौदा जणांना कड्यावरून लोटून देण्यात आले आणि चार उमरावांना जिवंत जाळण्यात आले. छापलेली पुस्तके जमिनीत पुरून ठेवायची, रात्री घराघरांत किंवा रानात जमून ती वाचायची, अशा रीतीने हा समुदाय जगला. आणि राणीच्या मृत्यूनंतर, १८६२ मध्ये, मिशनरी परतले तेव्हा त्यांना आपण सोडून गेलो त्याहून कितीतरी मोठी मंडळी तेथे आढळली. आमिषाचा सिद्धान्त येथे लागू करायचा, तर आमिष कोणते होते हे दाखवावे लागेल. उलट १८६९ मध्ये दुसऱ्या रानावालोना राणीने स्वतः बाप्तिस्मा घेतल्यावर राजाश्रयाच्या ओढीने जी हजारोंची रीघ लागली, तिच्याविषयी शंका घेण्यास अधिक जागा आहे, आणि ती घेतलीही पाहिजे.

जपानचा वृत्तान्त याहून कठोर आहे, आणि महाराष्ट्राशी त्याचे प्रत्यक्ष नाते आहे, कारण ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले, त्यांत वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया हे एक होते. १६१४ मध्ये देशभर बंदी आली, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जपानमध्ये धर्मगुरू उरला नाही. अधिकारी संशयितांना ख्रिस्त किंवा मरिया यांची प्रतिमा पायाखाली तुडवायला लावीत आणि माग देणाऱ्यास चांदीचे इनाम देत. तरीही नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत व बेटांवर शेतकरी आणि कोळी यांनी आपसांत कामे वाटून घेतली: एकाने सणांचे पंचांग सांभाळायचे, दुसऱ्याने नवजात मुलांना बाप्तिस्मा द्यायचा. अशा सुमारे सात पिढ्या गेल्यावर १८६५ मध्ये नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये उराकामी गावच्या काही लोकांनी फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना आपला धर्म सांगितला. बंदी तेव्हाही उठलेली नव्हती. त्या गावातील तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आले, त्यांतले शेकडो दगावले, आणि १८७३ मध्ये उरलेल्यांना परतता आले.

येथे मिशनच्या कैवाऱ्यांचाही एक आवडता सिद्धान्त तपासावा लागतो. छळ झाला की मंडळी वाढतेच, असे ते भक्तिभावाने सांगतात. पण जपानमध्ये बंदीपूर्वी जो लाखोंचा समुदाय होता, त्याचा फार मोठा भाग कायमचा नाहीसा झाला. आणि ज्या उत्तर आफ्रिकेने ऑगस्टीनसारखा धर्मचिंतक दिला, तेथील प्राचीन मंडळीही काळाच्या ओघात लयाला गेली. छळ माणसे मारतो, घरे मोडतो, दुबळ्यांना खोटे बोलायला लावतो. त्याला वाढीचे श्रेय देणे हा मृतांवर अन्याय आहे. जेथे मंडळी वाचली, तेथे ती सामान्य माणसांनी धर्मग्रंथ, संस्कार आणि नेतृत्व आपल्या हाती घेतल्यामुळे वाचली.

हे तत्त्व मिशनच्या काही धुरिणांना एकोणिसाव्या शतकातच उमगले होते. इंग्लंडमधील हेन्री व्हेन आणि अमेरिकेतील रूफस अँडरसन यांनी मंडळी स्वावलंबी, स्वशासित आणि स्वतःच प्रसार करणारी असावी असे त्रिसूत्र मांडले. अँडरसन यांनी १८५४-५५ मध्ये अहमदनगरच्या मराठी मिशनची पाहणीही केली. सूत्र मान्य झाले, पण त्याप्रमाणे अधिकार सोडण्यास बहुतेक मिशने कचरली, आणि मिशनकार्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप खरे तर हाच आहे; मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा मिशनबाहेरचा समुदाय उभारावासा वाटला, तो याच अस्वस्थतेतून.

राहिला सेवाकार्याचा, म्हणजे दवाखाना, शाळा, दुष्काळातील अन्नछत्र यांचा प्रश्न. इथिओपियातील मेकाने येसुस या लुथरन परंपरेच्या चर्चने १९७२ मध्ये पाश्चात्त्य देणगीदार चर्चना एक पत्र लिहिले. विकासकामांना पैसा सढळ मिळतो आणि सुवार्तेच्या कामाला मिळत नाही, हा भेद आपल्याला मान्य नाही, कारण माणसाची भूक आणि त्याची श्रद्धा यांची अशी फाळणी करणे हे त्याला अर्धवट माणूस मानणे आहे, असा त्याचा आशय होता. ज्यांना आमिषाला भुललेले म्हणून हिणवले जाते, त्यांच्यातल्याच एका चर्चने देणाऱ्यांना दिलेली ही शिकवण आहे. त्या चर्चचे सरचिटणीस गुदिना तुम्सा यांनी पुढे लष्करी राजवटीपुढे मान तुकवली नाही आणि देशाबाहेर निघून जाणेही नाकारले. जुलै १९७९ मध्ये त्यांचे अपहरण करून त्यांना मारण्यात आले, आणि राजवट कोसळल्यानंतर, १९९२ मध्ये, त्यांचे अवशेष सापडले. मधल्या काळात त्या चर्चच्या अनेक उपासनागृहांना सरकारने कुलपे ठोकली होती, तरी उपासना घरांमधून चालूच राहिली, आणि ती चालवणारे इथिओपियन होते.