बुगडीच्या जागी

मराठी स्त्रीपुरुषांच्या कानांची वाटणी वतनी जमिनीसारखी पूर्वापार ठरून गेलेली होती. पाळीत कुडी, तिच्या लगत बाळी, आणि वरच्या कडेला, जेथे मऊ मांस संपून कूर्चा लागते तेथे, स्त्रियांची बुगडी अथवा पुरुषांची भिकबाळी. पुढे बुगडी मागे पडली. तरीही 1959 सालच्या 'सांगत्ये ऐका' या चित्रपटासाठी माडगूळकरांनी लिहिलेली आणि आशा भोसले यांनी गायिलेली बुगडी हरवल्याची लावणी इतकी सर्वतोमुखी झाली, की ज्यांनी तो दागिना जन्मात डोळ्यांनी पाहिला नव्हता त्यांनाही त्याचे नाव पाठ झाले.

सिंगापूर बेटाच्या पूर्वेकडील टॅम्पिनीस या नगरात, जेथे माझ्या मुलाचे बिऱ्हाड आहे आणि जेथे सांप्रत माझा मुक्काम आहे, माझ्या एकोणीस वर्षांच्या नातीने नेमक्या त्याच जागी कान टोचून घेण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा घरात एरवी उठले असते तेवढे वादळ उठले नाही. कारण परंपरेचा दाखला तिच्या बाजूने होता. सांगलीच्या विहीणबाईंनी तर दूरध्वनीवरूनच मंजुरी दिली, आणि मंजुरीसोबत संपूर्ण तजवीजही सांगितली: सोन्याची तार असावी, हळद-खोबरेल सकाळ-संध्याकाळ लावावे, आणि भोक बुजू नये म्हणून बाळी रोज फिरवावी. नातीच्या पाळ्या ती तान्ही असताना सांगलीच्याच सोनाराने टोचल्या होत्या व त्या याच उपचारांनी बिनबोभाट बऱ्या झाल्या होत्या, हा त्यांचा पुरावा.

पुरावा खरा, परंतु तो पाळीपुरता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कर्णवेधाचा आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात बालकाला धात्रीच्या मांडीवर बसवावे, कान डाव्या हाताने ओढून धरावा, सूर्यकिरणांत पारदर्शक दिसणारे दैवकृत छिद्र शोधावे, मुलाचा उजवा व मुलीचा डावा कान आधी विंधावा, इतके सांगून आचार्य थांबत नाहीत. तेलात भिजवलेली वात, दर तीन दिवसांनी तिच्याहून जाड वात, वेध चुकून कान सुजलाच तर ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठ, जव आणि तीळ यांचा मधातुपात कालवलेला लेप, असा पुढचा सारा बंदोबस्त ते सांगतात. टोचणे क्षणाचे आणि निगा दीर्घ, हे त्यांना पुरते ठाऊक होते. मात्र ज्या स्थळी किरणे आरपार दिसतात ते स्थळ पाळीचे आहे, रक्ताने समृद्ध आहे, आणि म्हणून सहा-आठ आठवड्यांत भरून येते. वरच्या कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत. तिचे पोषण तिच्यावरील पातळ आवरणातून झिरपते, आणि त्या आवरणाला जंतूंची बाधा झाली तर कूर्चा उपाशी मरते व कानाचा आकार कायमचा बिघडतो. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात 2000 साली एका दागिन्यांच्या टपरीवर कान टोचून घेतलेल्या सात जणांना स्यूडोमोनास नावाच्या जंतूची अशीच बाधा झाली होती, आणि तपासाअंती संशय जाऊन बसला तो निर्जंतुक करण्यासाठीच ठेवलेल्या फवाऱ्याच्या बाटलीवर! सोनारानेच कान टोचावे ही आपली म्हण मला शिरोधार्य आहे. कूर्चेच्या बाबतीत तो सोनार कोण, एवढाच प्रश्न उरतो.

नातीने निवडलेला कारागीर दंडांवर चित्रे गोंदवलेला एक शांत तरुण होता. त्याने आधी वयाचा दाखला पाहिला, कबुलायतीच्या कागदावर सही घेतली, शाईने बिंदू काढून आरशात दाखवला, आणि सीलबंद पाकिटातून काढलेल्या पोकळ सुईने काम उरकले. बोथट खडा दाबून घुसवणारे पिस्तूल कूर्चा चिरडते, म्हणून ते त्याने दुकानात ठेवलेलेच नव्हते. आत बसवली ती टायटॅनियमची सरळ कांडी, मुद्दाम थोडी लांब. कारण कान सुजणार हे गृहीतच होते. मग त्याने जी आज्ञापत्रिका हाती दिली तिचा मथितार्थ इतकाच होता, की दिवसातून दोनदा निर्जंतुक मिठाचे पाणी फवारावे, कोरडे करावे, आणि बाकी सर्व वेळ कानाला विसरून जावे.

हे विसरणे मराठी घरात किती दुर्घट आहे याची त्या बिचाऱ्याला कल्पना नसावी. आमच्याकडे प्रेम हे हस्तक्षेपाच्या रूपाने व्यक्त होते. कोणी म्हणे तेलाचे एक बोट लाव, कोणी म्हणे कडुनिंबाची काडी घाल, आणि विहीणबाईंचा बाळी फिरवण्याविषयीचा तगादा तर अखंड चालू. वस्तुतः फिरवण्याने आत नुकती धरू लागलेली नाजूक त्वचा दर वेळी फाटते. त्यातून हा मुलूख विषुववृत्तालगतचा, हवेतील आर्द्रता सरासरीने 80 टक्क्यांहून अधिक, घाम सुकता सुकत नाही. मुलीने 'आवर टॅम्पिनीस हब'च्या गच्चीवरील तलावात पोहणे बंद केले, ओले केस कानावरून दूर बांधले, आणि मध्ये भोक असलेल्या प्रवासी उशीत कान सोडून निजू लागली. जखम पूर्ण भरण्याची मुदत सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत! जी पिढी क्षणभर वाट पाहू शकत नाही असे आम्ही म्हातारे उठताबसता म्हणतो, तिच्यातील एकीने ही मुदत कुरकुर न करता पत्करली, हे मी साक्षीदार या नात्याने नमूद करतो.

डिसेंबरातल्या पावसात भोकाशेजारी बारीक लालसर गाठ उठली आणि घरात पुन्हा सल्लामसलत सुरू झाली. ताप, ठणका, किंवा पाळी सोडून वरचा कान लालबुंद होऊन तापणे, यांपैकी काही असते तर कांडी तशीच ठेवून तडक डॉक्टरांकडे जायचे, कारण ती परस्पर काढली तर छिद्र मिटून पू आत कोंडतो, हे सर्वांना बजावलेले होते. तसे काही नव्हते. त्याच तरुणाने पाहून सांगितले, की सूज ओसरल्यावर लांब कांडी हलत राहते आणि भोक कलते. त्याने आखूड कांडी बसवली व गाठ हळूहळू निवळली. विहीणबाईंनी ते श्रेय हळद-खोबरेलाला दिले. ते कोणी एकदाही लावले नव्हते, आणि हे त्यांना अद्याप कोणी कळवलेले नाही.