रियाज केवळ गळ्याचा नव्हे

'रियाज' हा शब्द आपण गाण्याला इतका बहाल करून टाकला आहे, की त्याचे मूळ घर कोणते याची आठवणही उरलेली नाही. त्याचे मूळ अरबी आहे. इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथात तो शब्द देहाच्या व्यायामासाठी येतो. ११११ साली निवर्तलेल्या इमाम गझालींनी मनाला वळण लावण्यासाठी तोच योजला. देह आणि शील एकाच शब्दात नांदावेत, हा निव्वळ योगायोग नव्हे.

गझालींच्या आधीचा मिस्कवैह म्हणतो, की स्वभाव काही प्रकृतीतून येतो, काही सवयीने घडतो. म्हणून मुलाच्या शिक्षणात तो ताट आणि अंथरूणही धरतो: हावरेपणाने जेवू नये, दिवसा झोपू नये, मऊ बिछान्याला सोकावू नये, रोज चालावे. जिभेला आवर घालायला शिकलेलाच पुढे रागालाही आवर घालू शकतो, हे त्यातले मर्म. तेराव्या शतकात तूसीने हा विचार फारसीत आणला. त्याचा 'अख्लाक-ए-नासिरी' हा ग्रंथ अकबराला वाचून दाखवीत असत.

आमच्या बुऱ्हाणपुरात पाहुणे शाही किल्ल्यातला हमाम पाहून राजविलासाच्या गोष्टी करतात. त्यांनी खानखानान अब्दुर्रहीमच्या काळातला, १६१५चा कुंडी भंडाराही पाहावा. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारातून गावाला पाजणारी ही योजना विलास नव्हे. युनानी हकीम जीवनाच्या सहा आवश्यक गोष्टींत हवा, अन्नपाणी, श्रम-विश्रांती, झोप-जाग आणि उत्सर्जन यांच्या शेजारीच राग, चिंता, हर्ष हे मनोविकार मोजतात. पाणी आणि राग एकाच यादीत!

आपल्याकडे मात्र 'कलावंताला सारे माफ' अशी एक समजूत रुजली आहे. व्यसन, जागरणे, अवेळी जेवण यांना आपण प्रतिभेची शोभा मानतो. गवयाच्या घरात वाढलेल्या मला ही शोभा जवळून ठाऊक आहे. ती आधी गळा नेते, मग शब्द पाळण्याची सवय नेते.

याचा अर्थ आजारी माणूस दुर्गुणी असा नव्हे, की उपासतापास म्हणजे सद्गुण असाही नव्हे. मिस्कवैहच्या मते सद्गुण मध्यावर असतो. गझाली तर बजावतात, की अभ्यासानंतर मुलाला खेळू द्यावे, नाहीतर त्याचे मन मरते.

पालक मला विचारतात, "गुरुजी, रियाज किती तास करावा?" मी आधी विचारतो, "मूल झोपते किती वाजता?" तो प्रश्न गाण्याबाहेरचा आहे असे मला वाटत नाही.