बहात्तर हात खोल स्टेशन

विहीर खणताना मऊ थर लागला की कडा ढासळू नयेत म्हणून आपण दगडाने बांधून घेतो. रशियाची राजधानी मॉस्को येथे तर 33 मीटर, म्हणजे सुमारे 72 हात खोल, अख्खे रेल्वे स्टेशन बांधलेले आहे. मायाकोव्हस्की या कवीवरून त्याचे नाव मायाकोव्हस्काया पडले. ते 1938 साली सुरू झाले.

इतक्या खाली माथ्यावरच्या मातीचा भार फार. तो पेलायला पूर्वी भिंतीसारखे जाड खांब ठेवीत. त्यांनी नजर अडे. वास्तुकार अलेक्सी दुश्किन यांनी पोलादाचा आधार घेऊन खांब सडपातळ केले. दालन देवळाच्या सभामंडपासारखे मोकळे झाले. छताच्या घुमटांत डेनेका या चित्रकाराची, रंगीत तुकडे जडवून केलेली 34 चित्रे आहेत. मान वर केली की आकाश, विमाने, फळझाडे दिसतात.

जुलै 1941 मध्ये जर्मन विमाने मॉस्कोवर बॉम्ब टाकू लागली. तेव्हा बायका-मुले रात्री याच फलाटांवर आसऱ्याला येत. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला क्रांतीच्या वर्धापनदिनाची सभा येथेच भरली आणि स्तालिन यांचे भाषण झाले.

आजही तेथे गाड्या धावतात. प्रवासासाठी खणलेली खोली जीव वाचवायला कामी आली. म्हणून मंडळी, बांधकाम विहिरीचे असो वा गोठ्याचे, पक्के करावे. अडल्या दिवशी ते कोणाच्या उपयोगी पडेल, सांगता येत नाही.